बिनडिझेलचं इंजिन

१

“विठूनं डिझेल बंद केला, खुर्शीदबाय, तरी इंजन थांबला न्हाय. उलट जास्तच धावला. आन् मग फुटला.”

फोनवर हे ऐकलं आणि मी आधी एक शिवी हासडली. पस्तीस वर्षं इंजिनं उघडतेय मी. भिवंडीच्या निजामपुऱ्यात आमचं जनरेटर दुरुस्तीचं दुकान. नवरा गेला तेव्हा सगळा मोहल्ला म्हणाला, आता खुर्शीद शटर ओढणार. मी ओढणी कमरेला बांधली आणि पाना हातात घेतला. तेव्हापासून दुकानात येईल त्याला एकच गोष्ट ऐकवत आलेय: डिझेल तोडलं की इंजिन मेलं. त्यात जिन नाही, भूत नाही, कुणाची नजर नाही.

पण फोनवर गोदूबाई होती. राहनाळच्या गोडाउनांच्या रांगेत ती चहाची गाडी लावते. पाणी घालून दूध विकेल, पण पाणी घालून बातमी सांगणार नाही.

“विठू कुठे आहे?” मी विचारलं.

“गेला. चाकाचा तुकडा छातीत बसला.” ती रडायला लागली. “आन् तुमच्या यहयाला पोलीस घेऊन गेलं.”

यहया माझ्या बहिणीचा मुलगा, मला खाला म्हणतो, म्हणजे मावशी. बहीण गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. माझ्या हाताखालीच वाढला, आता चोवीस वर्षांचा आहे आणि माझ्याहून चांगला मिस्त्री आहे, हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही. विठू राहनाळच्या एका गाळ्यात इंजिन चालवायचा; तीन दिवसांपूर्वी त्या इंजिनाचं काम यहयानंच केलं होतं.

मी पाना खाली ठेवला.

२

चौकीत सब-इन्स्पेक्टर सुकन्या मॅडम होत्या. तरुण बाई, पण समोरच्याला बसायला सांगणारी.

“खाला, स्पष्टच बोलते,” त्या म्हणाल्या. “लाइट गेली म्हणून चारला जनरेटर लावला. पाच मिनिटांत वेग वाढत गेला आणि चाक फुटलं. एवढ्या मोठ्या इंजिनाला वेग वाढला की आपोआप बंद पाडणारं काहीतरी असतं ना?”

“खटका असतो,” मी म्हणाले. “आत दोन वजनं फिरतात. इंजिन मर्यादेबाहेर पळालं की ती बाहेर फाकतात, खटका उडतो आणि डिझेल तुटतं. माणूस झोपला असला तरी खटका जागा असतो.”

“मग तो उडला नाही. आणि त्याला शेवटचा हात तुमच्या भाच्याचा. लोक म्हणतात विठूनं डिझेल बंद केलं होतं. पण डिझेल बंद करायची दांडी खाली ओढलेली आहे ती विठूच्या भावानं, प्रितमनं, मागाहून ओढली असणार. तो सगळ्यात आधी आत पोचला.” त्यांनी फाइल मिटली. “उद्या संध्याकाळपर्यंत यहयाला कोर्टात उभं करावं लागेल. निष्काळजीपणानं मृत्यू. त्याला काही सांगायचं असेल तर सांगू दे, पण तो तोंडच उघडत नाही. विचारलं की भिंतीकडे बघतो.”

मला दोन मिनिटं भेटू दिलं. यहया बाकावर बसला होता. मला बघितलं आणि त्यानं मान फिरवली.

“यहया, इकडे बघ. खटका नीट बसवला होतास?”

तो भिंतीकडे बघायला लागला.

“अरे, तुझ्याकडून चूक झाली असेल तर तसं सांग. माणूस मेलाय. तू चुकला असशील तर मीच सांगेन ह्यांना की घ्या, न्या ह्याला. पण माझ्याशी खोटं नको.”

त्यानं ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. हा पोरगा काय लपवतोय, तेच कळेना. अपराधी माणूस असा बसतो, हे मला माहीत होतं.

“मॅडम, उद्याचा दिवस द्या,” बाहेर येऊन मी म्हणाले. “इंजिन मला बघू द्या. ते खोटं बोलत नाही.”

३

सकाळी दहाला राहनाळला पोचले. केसरीनाथशेठचा गाळा म्हणजे ऑनलाइन मालाचं पॅकिंग करायची जागा. दारावर लिंबू, काळी बाहुली, फोडलेला नारळ. हवालदार बाहेर उन्हात बसला होता. सावली आतच होती, पण आत जायला तो तयार नव्हता.

“कालपासून कुत्रं पण तिकडं फिरकलं नाही,” तो म्हणाला.

इंजिनाची खोली गाळ्याच्या मागच्या टोकाला. माझ्याबरोबर प्रितम आला, विठूचा धाकटा भाऊ, तिथलाच सुपरवायझर. आवाज अगदी विठूसारखा. अंधारात बोलला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

छताच्या पत्र्याला भलंमोठं भोक पडलं होतं आणि त्यातून उन्हाचा एक पट्टा बरोबर इंजिनावर आला होता. जाड लोखंडी चाकाचा अर्धा भाग जागेवर, अर्धा गायब. एवढं जड धूड, पण बोल्टांवरून सरकून तिरकं झालेलं. जणू उठून जायला निघालं होतं आणि कुणीतरी हाक मारल्यावर थबकलं. हवेत जळल्या रबराचा वास होता आणि त्याखाली दुसरा कसलातरी, गोडसर. नाक लावलं की वास जायचा, दुर्लक्ष केलं की यायचा.

“पंधरा दिवस झालं,” प्रितम म्हणाला, “दुपारनंतर सगल्यांचंच डोका धरतंय. दोन बायांना तर चक्कर आली. एक बोलते, मना भिंतीतून कोनतरी बोलावतंय. तवापासून या खोलीत विठूशिवाय कोनी येत नव्हता.”

मी बॅटरी घेऊन वाकले आणि खटका शोधला. तो उडलेला होता.

“तू दांडी खाली ओढलीस?” मी विचारलं.

“अल्लाची न्हाय, देवाची शपथ!” तो बिचारा माझ्यासाठी गोंधळला. “दांडी खालीच व्हती. मी हात लावला न्हाय. पोलीस ऐकंनात.”

“मी ऐकते. दांडी कुणीही ओढेल रे, पण हा खटका थंड इंजिनात हातानं उडत नाही. आतली वजनं फाकायला वेगच लागतो. आणि हे बघ, खाचेवर ओरखडा. नवा, चकचकीत. पूर्ण वेगात आपटलाय.”

मी डिझेलची नळी सोडवली. पंपाचा दट्ट्या शून्यावर अडकलेला. म्हणजे यहयाचा खटका चोख चालला होता. डिझेल तुटलं होतं, तेही इंजिन धावत असतानाच.

अल्लाचे आभार मानायला तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं.

“प्रितम, डिझेल बंद झाल्यावर किती वेळ धावलं हे?”

“गोदूआक्कानं विठूची आरोळी आयकली, हातातला चाय ठेवला, मना बोलावला, आमी दोघं पलत आलू. दोन मिन्टं तरी. आन् आवाज वाढतच व्हता.”

दोन मिनिटं. एक थेंब डिझेल नसताना. वेग वाढत वाढत.

पस्तीस वर्षं छाती ठोकून जे सांगत आले ते माझ्यासमोर फुटून पडलं होतं. यहया सुटला असं कुठल्या तोंडानं सांगू? मॅडम विचारणार: मग ते धावलं कशावर?

४

गोदूबाईनं मला बाकड्यावर बसवलं आणि न विचारता चहा दिला.

“शेवटी विठू काय ओरडला, शब्दन् शब्द सांग,” मी म्हणाले.

तिनं इकडंतिकडं बघितलं. “‘भायेरचा वारा!’ असा वरडला. ‘इंजनाला भायेरचा वारा लागलाय!’ दोनदा. मग काय आयकू नाय आला.”

बाहेरचा वारा. आमच्याकडे काय, त्यांच्याकडे काय, ह्याचा अर्थ एकच. माणूस अचानक तापानं फणफणला, एकटाच हसायला लागला, की म्हाताऱ्या म्हणतात, ह्याला बाहेरचा वारा लागला. म्हणजे भुताखेताची बाधा. दोन मिनिटांत हा शब्द अख्ख्या राहनाळमध्ये पसरला होता.

तेवढ्यात केसरीनाथशेठ आले. पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची जाड चेन, कपाळभर अंगारा. त्यांच्या वडिलांनी इथे भात लावला, ह्यांनी गाळे लावले.

“खुर्शीदबाय, तुमच्या भाच्याचा दोष न्हाय हाय,” ते स्वतःहून म्हणाले. “मी पोलिसांना पन बोललू. पंधरा दिवस ता इंजन बंद केला तरी घुरघुरत राहायचा. मेलेला मानूस श्वास घेतो ना, तसा. म्हनून तर यहयाला बोलावला. त्यानं समदं तपासला, बोलला डिझेलचा दोष न्हाय, रविवारी परत येऊन बघतू. मी मंगळवारी भगत आनला. भगत बोलला, जागेवर कायतरी हाय.”

“भगतानं जागा तरी बरोबर ओळखली,” मी म्हणाले. “शेठ, भूत निघालं तर तुम्ही सुटता, नाही का? भुताला परवाना लागत नाही.”

त्यांचा चेहरा उतरला. “कसला परवाना?”

“मला काय ठाऊक? तुम्हीच घाबरलात.”

ते मोबाइल कानाला लावून निघून गेले. फोन वाजलाही नव्हता. गोदूबाई हसू दाबत म्हणाली, “आज समदेच देवाला लागलेत. मागच्या गाल्यातला विपुलशेठ बघा. सकालपासून धूप जालतोय. आन् परवा माजा शेगडीचा टोपला घेऊन त्याच्या दारात चाय द्यायला गेली, तं अंगावर धावून आला! बोलला, आग घेऊन हितं पाय ठेवलास तं तंगडं मोडीन. बिडीवाल्या हमालाला पन थोबाडला त्यानं.”

“मागचा गाळा? मागे शेत आहे ना?”

“कवाचं शेत? केसरीनाथशेठनं तिथं पन गाला बांधलाय. पलीकडच्या रस्त्यानं वाट हाय त्याची.”

मी चहा तसाच ठेवला आणि परत इंजिनाच्या खोलीत गेले. विठू पडला होता तिथं खडूची खूण होती. पोलीस म्हणत होते, तो घाबरून पळत होता. पण दार उजवीकडे. विठू पडला होता डावीकडे, आंधळ्या भिंतीशी. त्याच्या मुठीत बारदानाचा तुकडा सापडला होता, असं प्रितमनं सांगितलं. उरलेलं बारदान अजून तिथंच होतं. इंजिनात हवा ओढणारा जाड पाइप त्या भिंतीतून पलीकडे जातो. इंजिनाच्या बाजूला त्याचा रबरी जोड फाटून लोंबत होता, आणि त्या फाटक्या तोंडात बारदान अर्धं कोंबलेलं होतं.

मरायच्या आधी माणूस पाइपात पोतं का कोंबेल?

मी बारदान बाजूला केलं आणि पाइपाला कान लावला. पलीकडे मोकळं शेत, असंच आजवर माझ्या डोक्यात होतं. हे इंजिन आमच्याच दुकानातून इथे आलेलं.

आतून कुणीतरी खोकलं.

मी मागे सरकले. मग पुन्हा कान लावला. पुन्हा खोकला, अगदी जवळ. आणि पाइपातून धुपाचा वास आला.

शेताला खोकला येत नाही.

५

प्रितमला मी बाहेर नेऊन समजावलं. त्यानं ऐकलं आणि तो पांढराफटक पडला.

“माज्या भावाचं शेवटचं बोल मी बोलू? त्याला अग्नी देऊन अजून एक दिस झाला न्हाय, बाय.”

“तुझा भाऊ घाबरून पळाला, असं कागदावर लिहिलंय, प्रितम. ते खोडायचंय मला. आणि माझा पोरगा आत आहे. तू पाइपाला कान लावून बस, मी पलीकडून अगदी भिंतीशी येऊन दोनदा खोकले की बोल. नाही जमलं तर नको बोलू, मी रागावणार नाही.”

सुकन्या मॅडमना फोन केला, त्या अर्ध्या तासात आल्या. आम्ही गाडी घेऊन पलीकडच्या रस्त्यानं वळसा घातला. मॅडम शटरच्या आडोशाला थांबल्या, मी आत शिरले.

लांबट, कोंदट गाळा, खिडकी एकही नाही. रिकामा. फरशी नुकतीच धुतलेली, आणि मधोमध पाटीत निखारे घालून धूप. धुरात विपुलशेठ खुर्चीवर बसून खोकत होता. चाळिशीचा, गोरा, घामेजलेला.

“भाडेकरू पाहिजे असं ऐकलं,” मी म्हणाले. “काय ठेवायचात तुम्ही इथे?”

“कापडाचे तागे. गेल्या महिन्यातच काढले.”

“अच्छा. मग परवा शेगडीला का घाबरलात?”

“कापड पेटतं ना, खाला.”

“गेल्या महिन्यात काढलेलं कापड परवा पेटणार होतं?”

तो खोकत राहिला. मी भिंतीकडे चालत गेले. कोरी भिंत, आणि तिच्यावर एक नवंकोरं कॅलेंडर. माझ्या पोटाच्या उंचीवर.

“विपुलशेठ, एवढ्या खाली कॅलेंडर? मांजराला तारीख बघायची असते का?”

“खिळा तिथंच होता.”

खिळ्याखाली विटेची लाल भुकटी पडली होती, ओल्या फरशीवर कोरडी. मी दोनदा खोकले.

काही झालं नाही. धूर वर चढत होता. बाहेर कंटेनर रिव्हर्स घेत होता, त्याची टिवटिव ऐकू येत होती. मला वाटलं, प्रितमला नाही जमलं.

आणि मग कॅलेंडर हललं.

“भायेरचा वारा...” भिंतीतून विठूचा आवाज आला. पाइपातून येताना तो घुमून, पोकळ होऊन आला होता. “विपुलशेठ... इंजनाला भायेरचा वारा लागलाय...”

काय होणार ते मला ठाऊक होतं, तरी मी भिंतीपासून दूर झाले. पुढे हुंदका आला. तो नाटकातला नव्हता.

विपुलशेठ खुर्चीसकट मागे पडला. “हलवले!” तो किंचाळला. “सगळे ड्रम हलवले मी! रात्रीच हलवले! आता इथे थेंब पण नाही थिनरचा! मला काय माहीत तू मरशील? ड्रम आडवा झाला, सांडलं, मी पुसतच होतो...”

सुकन्या मॅडम आत आल्या. मी कॅलेंडर उचललं. मागे पाइपाचं काळं तोंड, आणि त्यात घाईघाईनं, सैल बसवलेला पुठ्ठा.

विपुलशेठनं मॅडमचा गणवेश बघितला आणि एकदम शुद्धीवर आला. “माझी काय चूक? थिनर माझ्या गाळ्यात होतं, माझ्या भिंतीच्या आत! हे भोक मी पाडलं का? ज्यानं हा पाइप माझ्या भिंतीत घातला त्याला धरा!”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. “हा पाइप कुणी घातला, ते शोधावं लागेल, खाला.”

शोधायची गरज नव्हती. तो पाइप मी घातला होता.

६

चौकीत मॅडमनी यहयाला माझ्या शेजारी बसवलं आणि वही उघडली. “आता पहिल्यापासून सांगा.”

मी सांगितलं. “डिझेल तुटलं तरी इंजिन धावलं, कारण त्याला पलीकडून दुसरं खाद्य मिळत होतं. थिनरची वाफ जड, जमिनीलगत साचते. बंद गाळा, एप्रिलची गरमी, गळके ड्रम. पंधरा दिवस थोडी थोडी वाफ हवेच्या पाइपातून इंजिनात जात होती, म्हणून ते बंद केल्यावरही घुरघुरायचं, आणि पॅकिंगवाल्यांची डोकी धरायची. काल अख्खा ड्रम आडवा झाला. इंजिनानं ती वाफ पोटभर प्यायली आणि पळत सुटलं. यहयाचा खटका उडला, डिझेल तुटलं. पण खटका डिझेल तोडतो, हवा नाही. आणि हवेतच सगळं होतं.”

“आणि विठू?”

“विठूला कळलं, मॅडम. मला पस्तीस वर्षांत जे सुचलं नाही ते त्याला दोन मिनिटांत कळलं. दांडी ओढून थांबेना म्हटल्यावर त्यानं पोतं उचललं आणि पाइपाचं तोंड बुजवायला गेला. अशा वेळी करण्यासारखं तेवढंच असतं, इंजिनाचा श्वास कोंडायचा. दार दुसऱ्या बाजूला होतं, पळाला असता तर वाचला असता. जाताजाता तो ओरडून कारणही सांगून गेला. बाहेरचा वारा. भिंतीबाहेरची हवा, हो! आपण सगळे बसलो लिंबू कापत.”

मॅडमनी वहीचं पान उलटलं. मग त्या म्हणाल्या, “विपुल आणि केसरीनाथ, दोघांवर गुन्हा दाखल होतोय. विनापरवाना साठा, शेतावर विनापरवाना गाळा, पुरावा लपवणं. यहया सुटेल. फक्त एक जागा कोरी आहे. पाइप भिंतीतून बाहेर कुणी काढला?”

“मी,” मी म्हणाले.

“मी,” यहया म्हणाला. दोन दिवसांतला त्याचा पहिला शब्द.

मी त्याच्याकडे वळले. “तू? तू काढलास? अकरा वर्षांपूर्वी? तेव्हा तू आठवीत होतास आणि गणितात नापास होत होतास!”

“मी काढला,” तो खाली मान घालून म्हणाला. “मॅडम, लिहा.”

तेव्हा मला त्याचं भिंतीकडे बघणं कळलं. काल विठूला बघायला तो धावत गेला, पाइपातलं पोतं बघितलं आणि जागच्या जागी सगळं समजला. माझ्याहून चांगला मिस्त्री आहे म्हटलं ना.

“का नाही बोललास?” मी विचारलं. “तुझा खटका उडलेला होता. एवढं सांगितलं असतंस तरी सुटला असतास.”

“पाइप कुणाचा, हाच पुढचा प्रश्न आला असता, खाला.”

मी त्याला मारलं. जोरात नाही, खांद्यावर, उलट्या हातानं. मग त्याच खांद्याला धरून रडले, चौकीत, सगळ्या हवालदारांसमोर. मला कसली लाज?

डोळे पुसून मी मॅडमना म्हणाले, “लिहून घ्या. मी बोलते तसं. लूमच्या कारखान्यात सुताची रुई उडते, हवेची जाळी तासात बुजते. म्हणून आम्ही भिवंडीतले मिस्त्री इंजिनाचं नाक भिंतीतून बाहेर काढतो. माझ्या सासऱ्यांनी काढलं, नवऱ्यानं काढलं, मी काढलं. राहनाळच्या गोडाउनात कसली आलीय रुई? पण हाताला सवय. पलीकडे तेव्हा शेत होतं. अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी ते इंजिन तपासलं आमच्या दुकानानं. भिंतीच्या पलीकडे जाऊन एकदाही बघितलं नाही.”

“ह्यात तुमचा गुन्हा होत नाही बहुतेक,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

“थांबा, संपलं नाही. ते इंजिन मी मुंबईच्या दारूखान्यातून आणलं होतं, जहाजं मोडतात तिथल्या भंगारातून. समुद्रातल्या तेलविहिरीवरचं. तिथे गॅस सुटतो, म्हणून त्याच्या गळ्याशी एक झडप होती. वेग वाढला की झडप पडते आणि हवाच बंद होते. लांब पाइप बसवायला ती आड येत होती. मी ती काढून टाकली. म्हटलं, इथे कुठे समुद्र? डिझेल तोडलं की इंजिन मेलं.” मी त्यांच्या वहीवर बोट ठेवलं. “ती झडप असती तर विठू आज चहा पीत असता. हे पण लिहा.”

“खाला, नका,” यहया म्हणाला.

“तू गप्प बस. दोन दिवस बसलास ना, अजून थोडा बस.”

मॅडमनी लिहिलं, वाचून दाखवलं. कोर्टात यावं लागेल, काय होईल ते तिथे ठरेल, असं त्या म्हणाल्या. मी सही केली, मराठीत, पूर्ण नाव.

प्रितम बाहेर बाकावर बसला होता. त्याला सगळं पुन्हा सांगितलं, झडपेचंही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं थुंकेल. तो उठला, म्हणाला, “दादा पलाला न्हाय, ह्ये आयेला सांगतू आधी,” आणि गेला. माझ्याबद्दल तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

रिक्षात बसल्यावर यहया बाहेर बघत राहिला. कालपासून काही खाल्लं नव्हतं त्यानं. घरी भात टाकून अंडी फोडायची, असं मी मनात ठरवत होते.

“खाला, असे पाइप आपण किती ठिकाणी भिंतीबाहेर काढलेत?” त्यानं विचारलं.

मी टेमघरच्या कारखान्यापासून बोटांवर मोजू लागले. मोजता मोजता दोन्ही हातांची बोटं संपली आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली. “सत्तावीस. दोन-चार इकडेतिकडे.”

“त्यातल्या कशाच्या मागे आता काय आहे, माहीत आहे?”

मला एकाचंही माहीत नव्हतं.

रिक्षावाल्याला मी निजामपुरा सांगितलं होतं. यहयानं पुढे वाकून त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, “भाई, आधी टेमघर.”